दोन तारांवरची दवंडी

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यांच्या जरा वर, सोळा घरांचं एक कप्लर असतं. गाडी चालवणाऱ्याची आणि त्याची बहुधा आयुष्यभर गाठ पडत नाही. जाणता ऑटो इलेक्ट्रिशियन मात्र आधी तिथंच वाकतो. बॅटरीची तार सोडवून तो काही मिनिटं थांबतो, म्हणजे गाडीतल्या संगणकी पेट्यांमध्ये साठलेली वीज उतरते. मग मल्टिमीटर ओहमवर लावून सहाव्या आणि चौदाव्या घरात दोन टोकं टेकवतो. आकडा ६० च्या आसपास आला तर तारांची मुख्य वाट धड आहे, असं तो धरून चालतो. १२० आला तर वाट कुठेतरी तुटली आहे. शून्याजवळ आला तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. आणि ४० आला तर तिथं नसायला हवी अशी एखादी वस्तू कोणीतरी जोडून ठेवली आहे.

हा ६० चा आकडा मला फार मोलाचा वाटतो. त्याच्यामागे दोन शहरांची गोष्ट आहे: एक धुरानं गुदमरलेलं आणि दुसरं इंजिनाच्या पंपांवर आणि प्लगांवर पोसलेलं. गाडी स्वतःच्या दुखण्याबद्दल बोलू लागली ती या दोन शहरांमुळे. त्याआधी शंभर वर्षं ती फक्त खोकत, धूर सोडत आणि बंद पडत होती. तिचं काय बिघडलंय ते ओळखणं हे कान, नाक आणि हाताचं काम होतं.

पहिलं शहर लॉस एंजेलिस. जुलै १९४३ मध्ये तिथं असं दाट, डोळे झोंबणारं धुकं उतरलं की युद्धाच्या त्या दिवसांत लोकांना जपाननं विषारी वायू सोडल्याचा संशय आला. धुकं जपानचं नव्हतं. ते कुठून येतं याचा शोध लावला आरी हागेन-स्मिट या डच वंशाच्या रसायनशास्त्रज्ञानं. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये तो अननसाच्या स्वादाचा अभ्यास करत होता. स्वादाचे सूक्ष्म अंश वेगळे काढण्याची तीच रीत त्यानं शहराच्या हवेला लावली. गाड्यांच्या आणि तेलशुद्धीकरणाच्या धुरातले अंश सूर्यप्रकाशात एकमेकांशी मिळून ओझोन तयार करतात, हे त्यानं पन्नासच्या दशकात दाखवून दिलं. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियानं हवेसाठी स्वतंत्र मंडळ नेमलं, आणि त्याच्या पहिल्या अध्यक्षपदी याच माणसाला बसवलं.

या मंडळानं गाडी कंपन्यांना जे करायला लावलं त्यातून गाडीत संगणक शिरला. धूर शुद्ध करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालायचं तर हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण अगदी काटेकोर लागतं. कार्ब्युरेटरच्या स्क्रूला ते सतत सांभाळणं शक्य नाही. १९७६ मध्ये बॉशनं बनवलेला, धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर व्होल्वोच्या गाड्यांमध्ये बसला. सेन्सर मोजणार, म्हणजे ते मोजमाप वाचून इंधन कमी-जास्त करणारी पेटी हवी. १९८१ मध्ये जनरल मोटर्सनं अमेरिकेतल्या आपल्या पेट्रोल मोटारींत अशी पेटी सरसकट बसवली. तिच्यात बिघाड ओळखून आठवणीत ठेवण्याची सोय होती, आणि तिच्याशी बोलण्याची रीत इतकी साधी होती की ती सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. डॅशबोर्डखालच्या कप्लरमधली ए आणि बी ही दोन घरं कागदाला लावायच्या पिनेनं जोडायची आणि किल्ली फिरवायची, पण इंजिन सुरू करायचं नाही. ‘चेक इंजिन’चा दिवा एकदा लुकलुकायचा, जरा थांबायचा, मग दोनदा लुकलुकायचा. हा बारा नंबर. असं तीनदा. बारा म्हणजे ‘इंजिन फिरत नाहीये, पण मी जागी आहे’. त्यानंतर ती आपली खरी दुखणी लुकलुकत सांगू लागायची. गाडीनं माणसाला दिलेल्या पहिल्यावहिल्या नीट तक्रारींपैकी ही एक.

पण ती एका पेटीची तक्रार होती. इंजिनाची पेटी इंजिनाबद्दल बोलायची, आणि गाडीत तेव्हा बोलण्यासारखी दुसरी फारशी कोणी नव्हतीही.

आता दुसरं शहर, जर्मनीतलं श्टुटगार्ट. रॉबर्ट बॉशनं १८८६ मध्ये तिथं छोटा कारखाना काढला होता. आपल्याकडे बॉशची ओळख ‘मायको’ या नावानं झाली. १९५१ मध्ये बंगळुरूला स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचं हे लघुरूप, आणि नाशिककरांच्या तोंडी ‘मायको सर्कल’ अजून आहे, कंपनीनं २००८ मध्ये नाव बदललं तरी. त्या बॉशमध्ये ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एक नवीच अडचण उभी राहिली. गाडीत पेट्या वाढू लागल्या होत्या. जोरात ब्रेक दाबला तरी चाक जॅम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये आलीच होती. पुढची कल्पना अशी होती की चाक निसटतंय हे ब्रेकच्या पेटीला कळलं, तर तिनं इंजिनाच्या पेटीला ‘जोर कमी कर’ म्हणून सांगावं. म्हणजे पेट्यांनी एकमेकींशी बोलायला हवं, आणि तेही क्षणार्धात.

जुन्या पद्धतीनं हे करायचं तर प्रत्येक निरोपाला वेगळी तार लागते. पाच पेट्या एकमेकींशी दहा गोष्टी बोलू लागल्या की तारांचा जुडगा मनगटाएवढा होतो. त्यामुळं बॉशनं पुढं जी नवी यंत्रणा घडवली तिच्याबद्दल ‘तारा वाचवण्यासाठी हा शोध लागला’ असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. बॉशमधल्या मंडळींना हवी होती ती नवी कामं, जी एकट्या पेटीला जमणारी नव्हती. तारा वाचल्या हा वरचा फायदा. हा भेद मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं या यंत्रणेतला बिघाड शोधताना नेमका तोच आडवा येतो. पेट्या एकत्र आल्या त्या मदतीसाठी, आणि मदतीला बांधल्या गेल्या म्हणूनच एकीच्या दुखण्यानं दुसरी अडू लागली.

उपलब्ध यंत्रणांपैकी एकही कामाची नाही असं ठरल्यावर उवे किंके या अभियंत्यानं १९८३ मध्ये नवीच घडवायला घेतली. त्याच वर्षी, १४ डिसेंबरला, आपल्याकडे इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाच्या हाती दिली होती. त्या गाडीत कार्ब्युरेटर होता, डिस्ट्रिब्युटर होता, आणि वायरिंगमध्ये बिघाड आला तर मिस्त्रीला एकच प्रश्न विचारायचा असे: या तारेत करंट आहे की नाही? हातात टेस्ट लॅम्प, लॅम्पची एक तार बॉडीला अर्थ, दुसरं टोक तारेला. पेटला तर आहे, नाही तर मागं मागं जात फ्यूजपर्यंत पोचायचं. एक तार, एक काम. किंके आणि त्याचे सहकारी जे रचत होते त्यात हा टेस्ट लॅम्प निरुपयोगी ठरणार होता.

त्यांच्या यंत्रणेचं वर्णन करायला मराठीत नेमका शब्द आहे: दवंडी. नेहमीच्या टपालात पत्रावर पत्ता असतो. इथं पत्ता नाही. इंजिनाची पेटी ‘ब्रेकच्या पेटीस’ असं काही लिहीत नाही; ती ‘इंजिनाचे फेरे इतके’ असं दोन तारांवर जाहीर करते. ज्याला त्याची गरज असेल त्यानं ते उचलावं, नसेल त्यानं कानावरून जाऊ द्यावं. एका दवंडीत फार तर आठ बाइट माहिती बसते आणि तिच्या अग्रभागी विषयाचा क्रमांक असतो.

दोघींनी एकाच क्षणी दवंडी सुरू केली तर? यातली तोड मला आजही सुंदर वाटते. तारांवर दोनच अवस्था असतात, वरचढ आणि पडती. शून्य वरचढ, एक पडता. दोघी एकाच वेळी क्रमांक बोलू लागतात, आणि बोलता बोलता तारेवर काय चाललंय ते ऐकतही असतात. जिनं एक म्हटलं आणि तारेवर शून्य ऐकलं, तिला कळतं की आपल्याहून तातडीचा विषय कोणीतरी मांडतंय. ती तिथंच थांबते. दुसरीचं बोलणं एका अक्षरानंही बिघडत नाही, वेळ वाया जात नाही, पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागत नाही. क्रमांक जितका लहान तितका मान मोठा. म्हणून ब्रेकसारखे विषय लहान क्रमांकाचे ठेवतात आणि खिडकीच्या काचेसारखे मोठ्या.

तारा दोन आणि एकमेकींना पीळ दिलेल्या. शांत असताना दोघींवर अडीच व्होल्टच्या आसपास दाब असतो. वरचढ अक्षर बोलताना एकीवर तो साडेतीनपर्यंत चढतो आणि दुसरीवर दीडपर्यंत उतरतो. ऐकणारा दोघींतला फरक पाहतो. शेजारच्या मोटरीचा किंवा स्पार्कचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढत असल्यामुळं फरकात तो पुसला जातो. या वाटेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. तो नसेल तर शब्द टोकाला आपटून विहिरीतल्या हाकेसारखा परत फिरतो आणि पुढच्या शब्दात मिसळतो. दोन टोकांचे दोन रोध समांतर जोडले की होतात ६०. कप्लरवरचा तो आकडा येतो तो इथून. म्हणूनच एका टोकाकडची तार तुटली की एकच रोध दिसतो आणि मीटर १२० दाखवतो.

या यंत्रणेत सगळ्यात विचार करून घडवलेला भाग मात्र चुकांचा आहे. प्रत्येक पेटी दोन हिशेब ठेवते, एक बोलताना झालेल्या चुकांचा आणि दुसरा ऐकताना झालेल्या चुकांचा. बोलताना चूक झाली की पहिला हिशेब आठांनी वाढतो. दवंडी नीट गेली की एकानंच कमी होतो. पत जाताना भरभर जाते आणि मिळवताना दमानं मिळते, तसंच हे. हिशेब १२७ च्या पुढं गेला की पेटी सावध होते. दुसऱ्याच्या बोलण्यात चूक दिसली तरी ती ओरडून थांबवत नाही, कारण चूक आपल्याच कानाची असू शकते. २५५ च्या पुढं गेला की ती स्वतःला तारेपासून तोडून घेते आणि गप्प बसते. ओळीनं बत्तीस दवंड्या फसल्या की ही वेळ येते. परत सामील होण्याआधी तिला तारेवर अकरा पडत्या अक्षरांची शांतता १२८ वेळा ऐकावी लागते.

म्हणजे ज्यांनी हे रचलं त्यांनी प्रत्येक पेटीला दुसऱ्यावर आरोप करण्याआधी स्वतःवर संशय घ्यायला शिकवलं. बिघडलेल्या पेटीनं सगळ्यांचं बोलणं बंद पाडू नये म्हणून तिनं स्वतःच बाजूला व्हावं, ही यामागची धारणा. या यंत्रणेच्या १९९१ च्या नियमावलीत याला एक अपवादही आहे. दवंडी देणारी पेटी शेवटी एक जागा मोकळी सोडते. ज्यानं ती नीट ऐकली त्यानं त्या जागी ‘ऐकलं’ अशी खूण करायची. कोणी खूण केली ते तिला कळत नाही, कोणीतरी केली एवढंच कळतं. गाडीची किल्ली फिरली आणि बाकीच्या पेट्या अजून जाग्याच झाल्या नाहीत, तर ही खूण येत नाही. अशा एकट्या पडलेल्या पेटीचा हिशेब सावधपणाच्या रेषेला पोचला की पुढं वाढवायचा नाही, असं नियम सांगतो. ती बोलत राहते, कोणीतरी उठेल म्हणून. ऐकायला कोणी नाही हा तिचा दोष धरलेला नाही.

फेब्रुवारी १९८६ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइटला मोटार अभियंत्यांच्या परिषदेत किंके, झीगफ्रीड डाइस आणि मार्टिन लिचेल यांनी ही यंत्रणा मांडली. ‘कंट्रोलर एरिया नेटवर्क’ हे नाव तिला वोल्फहार्ड लॉरेन्झ या प्राध्यापकानं दिलं. पुढं सगळे नुसतं ‘कॅन’ म्हणू लागले. १९८७ च्या मध्यावर इंटेलनं ८२५२६ या क्रमांकाची पहिली चिप दिली, ठरल्या वेळेच्या दोन महिने आधी. मागोमाग फिलिप्सची आली. पण गाडीसाठी जन्मलेली ही भाषा आधी दुसरीकडेच रुळली. फिनलंडच्या कोने कंपनीनं ती लिफ्टमध्ये घातली. फिलिप्सनं एक्स-रे यंत्रांत वापरली. स्वीडनच्या एका अभियांत्रिकी कचेरीनं ती मागवाल्यांच्या दारी, कापड विणणाऱ्या यंत्रांपर्यंत नेली. रस्त्यावर ती खऱ्या अर्थानं उतरली ती १९९२ च्या सुमारास, मर्सिडीजच्या वरच्या दर्जाच्या मोटारींमधून. नोव्हेंबर १९९३ मध्ये तिला आयएसओ ११८९८ हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला.

तिकडे कॅलिफोर्नियाच्या हवेच्या मंडळाचं काम थांबलं नव्हतं. १९८८ पासून तिथल्या नव्या गाड्यांना स्वतःचा बिघाड ओळखणं सक्तीचं झालं, पण प्रत्येक कंपनीचं कप्लर वेगळं, आकडे वेगळे, यंत्र वेगळं. मिस्त्रीनं किती यंत्रं विकत घ्यायची? म्हणून दुसरा टप्पा आला, ओबीडी (ऑन-बोर्ड डायग्नॉस्टिक्स) दोन. १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींना तेच सोळा घरांचं कप्लर, ठरलेल्या जागी, ठरलेल्या आकड्यांसह बंधनकारक झालं. सोळाव्या घरात बॅटरी, चौथ्या-पाचव्यात अर्थ. बिघाडाच्या आकड्याआधी एक अक्षर: इंजिन आणि गिअरसाठी पी, चासीसाठी सी, बॉडीसाठी बी, आणि पेट्यांच्या आपसातल्या बोलण्यासाठी यू.

कप्लर एक झालं, बोली मात्र एक झाली नाही. फोर्डची वेगळी, जनरल मोटर्सची वेगळी, युरोप आणि आशियातल्या गाड्यांच्या आणखी निराळ्या. सातव्या घरातल्या एका तारेवर चालणारी एक बोली तर इतकी सावकाश जागी व्हायची की तिला सेकंदाला पाच अक्षरांच्या चालीनं हाक मारावी लागे, आणि नुसती ओळख पटायला दोन सेकंद जात. बारा वर्षं स्कॅनर बनवणाऱ्यांनी पाच बोल्या सांभाळल्या. २००८ च्या मॉडेलपासून अमेरिकेनं सांगितलं की निदानासाठी आता कॅनच. अशा रीतीनं लॉस एंजेलिसच्या धुरासाठी ठोकलेल्या कप्लरच्या सहाव्या आणि चौदाव्या घरात श्टुटगार्टच्या दोन तारा कायमच्या येऊन बसल्या.

आपल्याकडे हे सगळं एका उडीत आलं. एप्रिल २०१० मध्ये भारत स्टेज चार हे धुराचं मानक तेरा शहरांत लागू झालं. त्यात महाराष्ट्रातली तीन, मुंबई, पुणे आणि सोलापूर. त्याबरोबर ओबीडीचा पहिला टप्पा आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा. ज्या मिस्त्रीनं कार्ब्युरेटर साफ करत उमेदवारी केली होती, त्याच्यापुढं पंधरा-वीस वर्षांत दोन पिढ्यांचं शिक्षण एकदम येऊन पडलं. त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी ते स्कॅनर हाती घेऊन, एकमेकांना विचारत, चुकत आत्मसात केलं. शाळेनं न दिलेलं हे शिक्षण ज्यांनी कमावलं त्यांच्याबद्दल मला आदर आहे, आणि तो पुरेसा कोणी बोलून दाखवत नाही याचं वाईटही वाटतं.

त्यांना सगळ्यात जास्त छळलं ते यू अक्षरानं. पी अक्षराचा बिघाड निदान एखाद्या भागाकडं बोट दाखवतो. यू फक्त तक्रार सांगतो. यू ०१२१ म्हणजे ‘एबीएसच्या पेटीचं बोलणं ऐकू येईना’. ही तक्रार कोणाच्या आठवणीत सापडते? इंजिनाच्या, गिअरच्या, मीटरच्या. म्हणजे जी पेटी तक्रार करते तिचे कान शाबूत आहेत, जीभही शाबूत आहे. नवशिका माणूस स्कॅनरवर इंजिनाच्या पेटीत आकडा पाहतो आणि इंजिनाचीच पेटी बदलायला सांगतो. हजारो रुपये जातात आणि दुखणं तिथंच राहतं. आकडा ज्याच्याजवळ सापडला तो साक्षीदार असतो. गुन्हेगार बहुधा तो असतो ज्याच्याविरुद्ध सगळे बोलतात आणि जो स्वतः एक शब्दही बोलत नाही.

म्हणून जाणता माणूस आकडे वाचण्याआधी हजेरी घेतो. स्कॅनरवरून एकेका पेटीला हाक मारतो. इंजिन? आहे. एअरबॅग? आहे. स्टिअरिंग? आहे. एबीएस? उत्तर नाही. मग तो एबीएसच्या पेटीपर्यंत जाऊन दवंडीच्या तारांना हात लावण्याआधी दोन साध्या गोष्टी पाहतो. तिला करंट मिळतोय का, आणि तिचा अर्थ धड आहे का? बऱ्याचदा गोष्ट इथंच संपते. फ्यूज उडालेला असतो, किंवा अर्थचा बोल्ट गंजलेला असतो. पेटी मुकी झालेली नसते, उपाशी असते. बॅटरी उतरलेली असली तर स्टार्टर फिरवताना क्षणभर सगळ्याच पेट्या डुलकी घेतात आणि जाग आल्यावर एकमेकींविरुद्ध तक्रारी लिहून ठेवतात. डॅशबोर्डवर दिवाळी होते, आणि दोष मात्र फक्त बॅटरीचा.

हजेरीला कोणीच उत्तर दिलं नाही तर वाट तपासायची. तिथं ६० चा आकडा कामाला येतो. आकडा बरोबर असूनही शांतता असेल तर किल्ली चालू करून दोन तारांवरचा दाब पाहायचा. त्यातली एखादी अर्थला टेकली असेल तर शून्य, बॅटरीच्या तारेला टेकली असेल तर बारा. मल्टिमीटर इथं सरासरीच दाखवतो. बोलण्याचं रूप बघायचं तर ऑसिलोस्कोप लागतो; त्यावर दोन तारा एकमेकींच्या आरशासारख्या नाचताना दिसतात, आणि जिथं नाच वाकडा होतो तिथं दुखणं असतं. मग एकेक पेटीचं कप्लर काढत जायचं. एखादं काढल्याबरोबर बाकीच्या पेट्या भडाभडा बोलू लागल्या, तर त्याच पेटीनं सगळ्यांचा गळा धरलेला होता. स्वतःहून बाजूला होण्याचा नियम तिच्या मेंदूला ठाऊक असतो, पण तारेला धरणारा तिचा हातच जळून चिकटला तर मेंदूचा नियम हातापर्यंत पोचत नाही. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत कप्लर आणि आतल्या वाटा यांच्यामध्ये गेटवेची पेटी बसवलेली असते. तिथं बाहेरून मोजलेला आकडा आतलं काही सांगत नाही, आणि आत उतरण्याला पर्याय राहत नाही.

या दोन तारांचे आपल्याकडचे शत्रू श्टुटगार्टच्या मंडळींनी कितपत कल्पिले असतील कोण जाणे. पावसाळ्यात पाणी गालिच्याखाली साचतं, आणि हार्नेसमधला सांधा हिरवा पडतो. उभ्या गाडीच्या बॉनेटखाली उंदीर ऊब शोधत येतात आणि पीळ दिलेली तारच कुरतडतात. मग कोणीतरी ती पीळ न देता टेपनं जोडतो. गाडी चालू होते. पण जोडाला वीतभर लांबी सैल राहिली, की गोंगाट पुसण्याची शक्ती तेवढ्या भागापुरती जाते, आणि महिन्यातून एकदा, खड्ड्यात किंवा एसी सुरू होताना, कोणती तरी पेटी क्षणभर बहिरी होते. असा बिघाड शोधायला आठवडा लागतो. जुन्या माणसांचा कान इथंच पुन्हा उपयोगी पडतो: कधी होतं, कशानंतर होतं, गाडीला पाणी कधी लागलं, मागच्या वेळी कोणी काय जोडलं, हे ते मालकाला खोदून खोदून विचारतात.

या सगळ्या रचनेत एक गोष्ट गृहीत धरलेली होती. पेटी चुकेल, बहिरी होईल, मुकी होईल. पण ती खोटं बोलणार नाही. दवंडी देणारा कोण, हे दवंडीत लिहिलेलंच नसतं; गाडीच्या पत्र्याआड राहणारी सगळी घरचीच माणसं, असा तो विश्वास होता. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोघांनी एका धावत्या जीप चेरोकीत मोबाइलच्या जाळ्यातून शिरून दाखवलं, आणि फियाट क्रायस्लरला १४ लाख गाड्यांसाठी दुरुस्ती जाहीर करावी लागली. तरी तो अभ्यासकांचा प्रयोग होता.

२०२२ मध्ये लंडनला इयन टेबर यांच्या टोयोटा आरएव्ही-फोरचा पुढचा बंपर कोणीतरी ओढून सैल केलेला आणि हेडलाइटचं कप्लर उपटलेलं आढळलं. मवाल्यांनी नासधूस केली असावी असं त्यांना वाटलं. काही काळानं पुन्हा तसंच झालं. मग एके दिवशी गाडीच गेली. किल्ली घरात, काच फुटलेली नाही. टेबर गाड्यांच्या संगणक सुरक्षेचे अभ्यासक होते. गाडी हाती नव्हती, पण ती आपल्या बिघाडांचे आकडे कंपनीकडे पाठवत असे. ते त्यांनी उघडले. त्यात रांगेनं तक्रारी होत्या: हेडलाइटच्या पेटीचं बोलणं ऐकू येईना, पुढच्या कॅमेऱ्याचं ऐकू येईना, हायब्रिड इंजिनाच्या पेटीचं ऐकू येईना.

कुठल्याही चांगल्या मिस्त्रीनं घ्यावी तशी त्यांनी त्यावरून हजेरी घेतली. एकाच वेळी इतक्या पेट्या बिघडत नाहीत. म्हणजे वाटच कोणीतरी धरून ठेवली होती, आणि हेडलाइटपाशी ती बाहेरून हाताला लागते. केन टिंडेल या तज्ज्ञाला, ज्यानं नव्वदच्या दशकात कॅनच्या वेळापत्रकाचं गणित मांडलं होतं, त्यांनी सोबत घेतलं. चोरांच्या बाजारात मिळणारं एक उपकरण मागवून दोघांनी ते खोललं. बाहेरून तो हातात मावणारा ब्लूटूथ स्पीकर होता. आत साधी, स्वस्त चिप, दोन तारांना जोडायचा जोड, आणि तारेवर दुसऱ्यांच्या बोलण्यावर मात करणारी जादा जोडणी. त्यामुळं गाडीतल्या खऱ्या पेट्यांना मध्ये बोलताच येत नसे. जिचं अक्षर तारेवर वेगळं उमटतं तिनं आपल्याच चुकीचा हिशेब वाढवायचा, हा १९८६ चा नियम. त्या पेट्या तो पाळत होत्या. त्या शांततेत उपकरण एकच दवंडी पुन्हा पुन्हा देत असे: किल्ली ओळखीची आहे, दार उघडा.

एप्रिल २०२३ मध्ये टिंडेलनी हे सगळं प्रसिद्ध केलं. स्पीकरवरचं गाणं सुरू करायचं बटण चोरांनी त्या चिपला जोडलेलं होतं. ते दाबलं की दवंडी सुरू होई. आणि गाडीतल्या पेट्या, एकेक करून, कोण गप्प झालं ते लिहून ठेवत.